मोहरीलकाकांचं स्पेलिंग

श्रीपाद मोहरील यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते जिन्याखाली उभे राहून माझ्या सामानाच्या खोक्यावरचं अक्षर वाचत होते. मी पुण्याहून जयपूरला नोकरीसाठी आले होते आणि तिलक नगरातल्या त्यांच्या घराची वरची खोली भाड्याने घेतली होती. खोक्यावर मी घाईघाईत स्केचपेनने इंग्रजीत 'किचन युटेन्सिल्स' असं लिहिलं होतं. माझं नाव विचारायच्या आधी त्यांनी सांगितलं, "युटेन्सिलमध्ये शेवटी आय-एल येतं. तुम्ही ई-एल लिहिलंय." मग खिशातून पेन काढून त्यांनी खोक्यावर दुरुस्ती केली आणि नंतर म्हणाले, "या."

हे २००५ साल. पुढची दोनेक वर्षं मी त्या घरात राहिले. एखाद्या माणसाबद्दल आदर वाटायला एवढा काळ पुष्कळ झाला. मला तो वाटला नाही.

काका मूळचे अकोल्याचे. मराठी शाळेत शिकलेले, इंग्रजीशी गाठ उशिरा पडली. विमा कंपनीत कारकून म्हणून लागले आणि परीक्षा देत देत अधिकारी झाले. नागपूरच्या कचेरीत असताना एका टिपणात त्यांनी 'रिसीव्हड' या शब्दातल्या ई आणि आयची अदलाबदल केली. वरच्या साहेबाने त्या शब्दाभोवती लाल शाईने गोल काढला आणि कागद सगळ्या टेबलांवरून फिरवला. लोक हसले असतील आणि विसरले असतील. काका विसरले नाहीत. ही हकीकत त्यांनीच मला सांगितली, आणि सांगताना त्यांच्या आवाजात साहेबाबद्दल राग नव्हता. कौतुक होतं. "काय नजर होती माणसाची," असं म्हणाले. दुसरा कुणी असता तर त्याने ठरवलं असतं की आपण कुणाला असं वागवायचं नाही. काकांनी ठरवलं की आता लाल पेन आपल्या हातात हवं.

मग त्यांनी एक जाडजूड डिक्शनरी घेतली आणि सकाळची पूजा झाली की शब्द पाठ करायला बसू लागले. ते शब्द बोलून दाखवणारं आसपास कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःची पद्धत काढली. शब्द जसा छापला आहे तसाच म्हणायचा, एकही अक्षर गाळायचं नाही. वेन्सडेला वेडनेसडे. नॉलेजला क्नॉलेज. आयलंडला इस्लँड, सायकॉलॉजीला प्सिकॉलॉजी, कर्नलला कोलोनेल. पाठांतराची युक्ती म्हणून यात वाईट काही नाही. शाळेत आपण सगळेच असं करतो, पण मनातल्या मनात करतो आणि चारचौघांत नीट बोलतो. काका चारचौघांतही तसंच बोलत राहिले. कुणी हटकलं तर म्हणायचे, "छापलेली अक्षरं खाऊन टाकणं हा आळशी लोकांचा कारभार आहे." या हिशेबाने सगळे इंग्रजसुद्धा आळशी ठरत होते. काकांची त्याला हरकत नव्हती.

शेवटची बदली जयपूरला झाली, तिथेच घर घेतलं आणि निवृत्त झाल्यावर ते तिथेच राहिले. अकोल्यात भावाशी पटत नव्हतं. भावाच्या पत्रातल्या चुका त्यांनी त्याला कळवल्या होत्या, हे एक कारण असावं.

निवृत्त माणसाला संध्याकाळी फिरायला जावं लागतं. काका राजा पार्क नावाच्या बाजारभागात जायचे, कारण तिथे दुकानं आहेत आणि दुकानांवर पाट्या आहेत. शिंप्याची पाटी, ज्यूसवाल्याची पाटी, ब्यूटी पार्लरची पाटी, सगळ्यांत काही ना काही चुकलेलं. ते आत शिरायचे आणि मालकाला सांगायचे. बहुतेक जण त्यांना गिऱ्हाईक समजून खुर्ची द्यायचे आणि मग ते का आले आहेत हे कळल्यावर ती काढून घ्यायचे. एकाने मात्र ऐकलं. विजय छाबडा नावाचा ड्रायक्लीनर होता. काका कोट टाकायला गेले आणि म्हणाले, "ये मेरी कोट लो. और आपका बोर्ड गलत है. क्लीनर में एक ए छूट गया है."

काकांचं हिंदी सांगायचं तर शेवटपर्यंत त्यांना 'कोट'चं लिंग समजलं नाही. पण छाबडा भला माणूस. त्याने पाटी पुन्हा रंगवून घेतली आणि वर विचारलं, "बाबूजी, मेरी बेटी को पढ़ा दोगे? इंग्लिश से डरती है."

अशा रीतीने ड्रायक्लीनिंगच्या दुकानाच्या वरच्या खोलीत मोहरील सरांचे स्पेलिंग क्लासेस सुरू झाले. खालून इस्त्रीची वाफ आणि पेट्रोलचा वास यायचा, आणि वर मुलं एका सुरात "रि-सी-प्ट, रि-सी-प्ट" असं म्हणत असायची. पहिली विद्यार्थिनी छाबडाची मुलगी सलोनी. हुशार, बारीक चणीची, सांगितलेलं सगळं मनापासून करणारी. अशी मुलगी कुठल्याही शिक्षकाच्या हाती लागली तरी काहीतरी शिकलीच असती. ती काकांच्या हाती लागली.

मी येण्याच्या तीन वर्षं आधी, सलोनी दहावीत असताना, शहरातल्या कुठल्याशा क्लबने शाळांची स्पेलिंग स्पर्धा ठेवली. सलोनीने ती जिंकली. शेवटचा शब्द होता लेफ्टनंट. मंचावर उभी राहून ती आधी पुटपुटली, "लिएउटेनांट," आणि मग एकेक अक्षर बिनचूक सांगितलं. प्रेक्षकांत काही जण हसले म्हणे. परीक्षकांनी ढाल दिली. ही गोष्ट काकांनी मला इतक्या वेळा ऐकवली की ढालीवरची नक्षीसुद्धा मला पाठ झाली. हसणाऱ्यांबद्दल मात्र मला त्यांच्या बायकोकडून, म्हणजे काकूंकडून, कळलं.

ढालीनंतर क्लास भरला. राजा पार्क, जवाहर नगर, तिलक नगर, अगदी शहराबाहेरच्या बस्सी गावाहून बसने मुलं यायला लागली. आईबाप मुलांना सोडायला यायचे आणि जिन्यात उभे राहून ते "प्सिकॉलॉजी" ऐकून माना डोलवायचे. त्या माना आठवल्या की मला आजही हसू येतं. त्यांच्यात डॉक्टर होते, बँकेतले लोक होते. त्यांना शब्दाचा खरा उच्चार माहीत होता. पण आपल्या पोराला काहीतरी अवघड शिकवलं जातंय एवढ्यावर ते खूष होते. बस्सीच्या मुलांना काका मागच्या बाकावर बसवायचे. एकदा मला म्हणाले, "ती पोरं शब्द कानाने उचलतात. कान हा अडाण्यांचा अवयव आहे."

घरात मंदाकिनीकाकू होत्या. वर्ध्याच्या, गप्पिष्ट, जयपूरच्या भाजीवाल्यांशी मोडक्या हिंदीत तासभर बोलणाऱ्या. काकूंचा शब्दसंग्रह वाढावा म्हणून काकांनी स्वयंपाकघरातल्या डब्यांवर इंग्रजी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. हिंगाच्या डबीवर तर एवढा मोठा शब्द होता की तो डबीला वळसा घालून मागे गेला होता. काका त्याला 'असाफोएटिडा' म्हणत. पाहुणे आले की ते काकूंना हाक मारून विचारायचे, "मंदा, मेथीचं, फेनुग्रीकचं स्पेलिंग सांग बरं." काकू पदराला हात पुसत दारात यायच्या, दोन अक्षरं सांगायच्या, अडायच्या. पाहुणे खाली पाहायचे. काका उरलेली अक्षरं स्वतः सांगून चहाचा घोट घ्यायचे.

मी एकदा काकूंना विचारलं, "तुम्ही येतच का बाहेर?"

त्या मेथी निवडत होत्या. म्हणाल्या, "न येऊन काय करू बाप्पा? ते आतमध्ये येतील मग. अगं, ह्यांना शब्द येतात, बोलता येत नाही. मराठीतसुद्धा नाही येत. मी बोलून राहिले की हे शब्द मोजून राहिले."

आता माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. जयपुरात तेव्हा कॉल सेंटरं येऊ लागली होती आणि मी त्यातल्या एका कंपनीत व्हॉइस ट्रेनर होते. जयपूर, अजमेर, अलवरच्या पोरापोरींना अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं हे शिकवायचं आणि त्यांच्या रमेशचा रॉन करून सोडायचं, हे माझं काम. त्या कामाबद्दल मला फारसा अभिमान नव्हता. पण काकांना त्याबद्दल जेवढी तुच्छता होती तेवढी कशाबद्दलच नसावी. "आवाजाचं कसलं आलंय ट्रेनिंग? गाढवालाही आवाज असतो," असं ते पहिल्याच आठवड्यात मला म्हणाले होते.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षात सलोनी आमच्या कंपनीत मुलाखतीला आली. छाबडाचं दुकान चाललं होतं, पैशांची नड नव्हती. तिला स्वतःचं काहीतरी हवं होतं. पॅनेलवर मी होते आणि प्रथमेश गोडबोले होता. हा नाशिकचा, भरतीचं काम बघायचा, स्वतःच्या विनोदावर आधी स्वतः हसणारा. त्याने तिला आठवडाभर काय करतेस असं सहज विचारलं.

सलोनी सरळ बसली आणि इंग्रजीत सांगू लागली. वाक्यं शुद्ध होती, शब्द भारी होते, आणि एकही शब्द आम्ही ओळखतो तसा नव्हता. वेडनेसडेला ती प्सिकॉलॉजीच्या तासाला जाते. ती होनेस्ट आहे. तिला क्नॉलेज मिळवायची आवड आहे. प्रथमेशने तोंडापुढे फाईल धरली. मग त्याने तिला मुद्दाम आणखी शब्द वाचायला दिले, एकामागून एक, आणि तिने ते सगळे वाचले, कारण तिला वाटलं की परीक्षा चांगली चालली आहे. शेवटी फाईल हलायला लागली तेव्हा तिच्या लक्षात आलं.

बाहेर पाण्याच्या कूलरपाशी तिने मला गाठलं. "मैडम, मैंने कुछ गलत बोला?"

मी खरं ते सांगितलं. एकेक शब्द घेऊन सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "पर स्पेलिंग तो यही है ना?"

"स्पेलिंग यही है."

"तो सर ने बताया क्यों नहीं कि बोलते अलग हैं? सात साल की बच्ची को भी पता होगा."

ती त्याच संध्याकाळी सरांकडे गेली असणार, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी काका माझ्या दारात उभे होते. हातात डिक्शनरी. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"अकोमोडेशनचं स्पेलिंग सांग."

"काका, मला ऑफिसला उशीर होतोय."

"सांग."

मी सांगितलं. एक एम विसरले.

त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी कधी विसरणार नाही. नातू झाल्यावर माणसं अशी दिसतात. "ही तुमची लायकी," ते म्हणाले. "आणि तुम्ही माझ्या विद्यार्थिनीला नापास करता. तिच्यापुढे तुम्ही अशिक्षित आहात. त्या अमेरिकन माणसाला मी समोर बसवून दाखवीन."

"अमेरिकन माणूस समोर बसत नाही, काका. तो फोनवर असतो."

"मग फोनवर दाखवीन."

मला वाटलं, रागाने बोलले असतील. पण शनिवारी आमच्याकडे थेट मुलाखती असायच्या, कुणीही अर्ज घेऊन यावं अशा, आणि त्या शनिवारी मालवीय नगरच्या आमच्या काचेच्या इमारतीत, विशी-बाविशीतल्या पोरांच्या रांगेत, मोहरीलकाका टाय लावून उभे होते. छाबडाकडून नुकताच इस्त्री होऊन आलेला कोट अंगात होता. रांगेतल्या पोरांना ते कुणाचे तरी वडील वाटत होते. एकाने त्यांना उठून खुर्ची दिली. काकांनी त्याच्या अर्जावरची चूक दाखवली.

प्रथमेशला कळलं तेव्हा त्याने त्यांना परत पाठवायला हवं होतं. वयाचं कारण होतंच. पण त्याचे डोळे चमकले. "विनया, बसू दे ना त्यांना टेस्टला. मजा येईल." मी काही बोलायच्या आत तो बाहेर जाऊन अगदी अदबीने म्हणाला, "या काका, या." अशा वेळी दाखवलेल्या अदबीसारखी घाण गोष्ट नाही.

टेस्ट साधी होती. कानाला हेडफोन लावायचा. एक अमेरिकन बाई क्रेडिट कार्डाच्या बिलाबद्दल तक्रार करते, तिचं म्हणणं ऐकून कागदावर लिहून काढायचं. काकांनी हेडफोन लावला, टायची गाठ नीट केली, पेनचं टोपण मागे अडकवलं. रेकॉर्डिंग सुरू झालं. त्यांनी सुंदर, तिरप्या अक्षरात 'मॅडम' एवढं लिहिलं आणि स्वल्पविराम दिला.

पुढे काही लिहिलं नाही. पेन कागदावर टेकलेलं तसंच राहिलं. बाई बोलून संपली.

"परत लावा," ते म्हणाले.

परत लावलं. त्यांनी डोळे मिटले. कपाळावर आठी आली, ओठ हलायला लागले, जणू ते बाईच्या मागोमाग काहीतरी पकडू पाहत होते. परत संपलं. काचेपलीकडे प्रथमेशने आणखी दोघांना बोलावून आणलं होतं. तिसऱ्यांदा ऐकल्यावर काकांनी हेडफोन काढला आणि मला मराठीत विचारलं, "ही कुठली भाषा आहे?"

कुत्सितपणे नाही. खरंच विचारत होते.

"इंग्रजी," मी म्हटलं.

प्रथमेशने आत येऊन त्या संभाषणाची छापील प्रत त्यांच्यापुढे ठेवली. काकांनी वाचली. तिच्यात एकही शब्द असा नव्हता जो त्यांना माहीत नव्हता. बाईने बुधवारी पैसे भरले होते, तिच्याकडे पावती होती, आणि तरी तिच्या नावावर कर्ज दाखवलं जात होतं. वेडनेसडे, रिसीप्ट, डेब्ट. त्यांच्या क्लासात रोज घोकले जाणारे शब्द. निम्म्या आयुष्याची सोबत असलेले शब्द त्यांच्या कानाशी येऊन गेले होते आणि त्यांना ओळख पटली नव्हती.

 मी वाट पाहत होते की आता हा माणूस काहीतरी बोलेल. मग त्यांनी पेन उचललं, खालच्या ओळीतल्या, 'घडलं' अशा अर्थाच्या 'अकर्ड' या शब्दाभोवती गोल काढला आणि कागद प्रथमेशकडे सरकवला.

"यात दोन आर असतात," ते म्हणाले. उठले आणि बाहेर गेले.

चूक खरीच होती. कंपनीत तो कागद वर्षभर वापरात होता आणि आमच्यापैकी कुणालाही ती दिसली नव्हती. प्रथमेश हसून हसून लाल झाला.

रिसेप्शनच्या सोफ्यावर काका बसले होते. मी पाणी नेऊन दिलं. त्यांनी प्यायलं नाही, ग्लास हातात धरून ठेवला.

"ती बाई खरंच रिसीप्ट म्हणाली का?"

"म्हणाली."

"मला ऐकू आलं नाही."

"ऐकू आलं, काका. ओळखू आलं नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा त्यांचे डोळे म्हाताऱ्या माणसाचे दिसले, हे मला मान्य करायला हवं. दुसऱ्या कुणाबद्दल मला त्या क्षणी वाईट वाटलं असतं. पण मला कूलरपाशी उभी असलेली सलोनी आठवत होती आणि पदराला हात पुसत दारात येणाऱ्या काकू आठवत होत्या. मी त्यांना रिक्षा करून दिली आणि पुढचा उमेदवार आत घेतला.

घरी त्यांनी काकूंना एवढंच सांगितलं की कंपनीच्या कागदपत्रात चुका आहेत.

नंतर काही आठवडे सकाळी खालून रेडिओ ऐकू यायचा. इंग्रजी बातम्या लागायच्या आणि निवेदिकेच्या मागोमाग काकांचा आवाज यायचा, दबक्या सुरात, अडखळत. एकदा मी त्यांना 'आयलंड' म्हणताना ऐकलं. मग लगेच, अधिक मोठ्याने, 'इस्लँड'. मला वाटलं, चला, उशिरा का होईना. पण महिना संपायच्या आत रेडिओ बंद झाला. काकूंनी सांगितलं की त्यांनी रेडिओ केंद्राला पत्र पाठवलंय. तीन पानी. निवेदिका कुठे कुठे अक्षरं गाळते त्याचं सविस्तर वर्णन.

"उत्तर आलं?" मी विचारलं.

"आलं तर मी चुलीत घालीन," काकू म्हणाल्या.

सलोनी माझ्याकडे यायला लागली. रविवारी दुपारी ती जिना चढून थेट वर यायची. खालचं दार ओलांडताना ती चपला हातात घ्यायची, हे मी पाहिलंय. आम्ही शब्द घेऊन बसायचो. तिचा मेंदू तल्लख होता, पण जीभ पक्की झाली होती. नॉलेज म्हणायच्या आधी तिचे ओठ क्षणभर त्या क साठी थांबायचे आणि तो क्षण फोनवर ऐकू आला असता. तिला ते कळायचं. एका रविवारी तिने वही मिटली आणि म्हणाली, "मैडम, मेरे अंदर हर शब्द दो बार आता है. एक सर का, एक आपका. मैं बीच में खड़ी रह जाती हूँ."

तिला वाट मिळाली ती वेगळ्याच बाजूने. पुढच्या वर्षी कंपनीने ईमेलचं काम घेतलं. गिऱ्हाईक लिहिणार, आपण लेखी उत्तर द्यायचं, तोंड उघडायचं नाही. लेखी चाचणीत सलोनीच्या कागदावर बोट ठेवायला जागा नव्हती. आमचे नेहमीचे बोलके पोपट तिथे धडाधड पडले, कारण त्यांना मोबाइलवरच्या मेसेजातलं इंग्रजी येत होतं, ज्यात स्वर नसतातच. सलोनी लागली.

झालं. काकांच्या क्लासच्या जिन्यावर हातभर पोस्टर लागलं. सलोनीचा दहावीतला ढालीसकट फोटो आणि खाली मजकूर, की आमची विद्यार्थिनी आंतरराष्ट्रीय कंपनीत, स्पेलिंगच्या बळावर. त्या दिवशी मी सलोनीबरोबर राजा पार्कात होते. तिने पोस्टर पाहिलं आणि ती जिना चढून वर गेली. मी मागे गेले.

काका फळ्यावर काहीतरी लिहीत होते. वर्गात जेमतेम मूठभर मुलं उरली होती, कारण समोरच एअर कंडिशन लावलेली स्पोकन इंग्लिशची दोन दुकानं उघडली होती. सलोनी शांतपणे म्हणाली, "सर, मेरी फोटो उतार दीजिए."

"क्यों? तेरे को तो गर्व होना चाहिए. मेरा मेहनत है इसमें."

"आपकी मेहनत है, सर. इसीलिए मैं वहाँ सारा दिन चुप बैठती हूँ. लंच में भी. सब बोलते हैं, मैं सिर हिलाती हूँ."

मुलं वळून पाहत होती. काकांनी खडू ठेवला. वाटलं, आता तरी. ते म्हणाले, "चुप बैठती हो, पर शुद्ध लिखती हो. उन सबसे ऊपर हो तुम. ये बात समझ में नहीं आता तुम्हारे को?"

सलोनी वळली. मग जिन्यात आली आणि पोस्टर स्वतःच काढलं. फाडलं नाही. गुंडाळी केली आणि खाली वडिलांच्या दुकानातल्या रद्दीवर टाकलं.  काही महिन्यांनी छाबडाने वरची खोली कोट-शेरवान्या ठेवायला परत घेतली. सरांना त्याने मिठाईचा पुडा दिला आणि दोन्ही हात जोडले. काकांनी त्याचा अर्थ निरोप असा लावला नाही. 'मान' असा लावला.

क्लास नंतर घराच्या व्हरांड्यात आला, आणि मग तिथेही संपला. मी दुसरीकडे खोली घेतली. काकूंना मात्र अधूनमधून भेटत राहिले. एकदा गेले तर स्वयंपाकघरातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या गायब होत्या. काकू म्हणाल्या की पावसाळी हवेने सुटल्या. त्या वर्षी जयपुरात पाऊस जवळजवळ पडलाच नव्हता.

२००८च्या हिवाळ्यात सलोनीचं लग्न झालं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, ईमेलच्याच कामावर असलेला, अबोल. पत्रिका छापायच्या आधी तिने ती कुणालाही दाखवली नव्हती. पत्रिकेत स्पेलिंगची एक चूक राहिली होती. मी आदर्श नगरच्या त्या लग्नाच्या बागेत पोहोचले तेव्हा काका स्वागताच्या कमानीशी उभे होते, तोच कोट, आणि येणाऱ्या पाहुण्यांना एकेक करून पत्रिकेतली ती ओळ दाखवत होते. पाहुणे त्यांना वरपक्षाचे समजून वाकून नमस्कार करत होते आणि पुढे जात होते. छाबडा लांबून हे पाहत होता. त्याने कुणाला तरी म्हटलं, "बाबूजी को बैठा दो." कुणी गेलं नाही.

स्टेजवर सलोनी हसत होती. नवऱ्याच्या कानाशी काहीतरी बोलत होती, तोही हसत होता, आणि त्यांचं काय चाललंय हे ऐकू येत नव्हतं. काकू जरीची नऊवारी नेसून आल्या होत्या. त्या गर्दीतून थेट कमानीकडे गेल्या, काकांच्या हातातून पत्रिका काढून घेतली, पर्समध्ये टाकली आणि त्यांना दंडाला धरून पताशीच्या, म्हणजे पाणीपुरीच्या, ठेल्याकडे नेलं.

"मंदा, अगं मी बोलतोय त्यांच्याशी," काका म्हणाले.

काकू ठेल्यावरच्या माणसाला म्हणाल्या, "भैया, इनको तीखी देना. एकदम तीखी."

त्याने पहिली पताशी पाण्यात बुडवून काकांच्या हातात ठेवली. ती अख्खी तोंडात घालावी लागते. काकांनी घातली. त्यांचे गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं, त्यांनी हात वर करून थांबायची खूण केली. ठेलेवाल्याचा हात तोवर दुसरी घेऊन पुढे आला होता.